बंदच्या दिवसाचे पाहुणे

आमच्या घरात एकमताने ठरलेली प्रत्येक गोष्ट अंगाशी आलेली आहे. आई नसलेलं पाणघोड्याचं पिल्लू आपल्याच न्हाणीघरात वाढवायचं, हे असंच एकमताने ठरलं होतं. पुढे कित्येक दिवस आम्ही शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतो. त्यामुळे वस्तीतल्या लोकांना आमची प्राण्यांची बाग दाखवायची ती बंदच्या दिवशी, असं जेवणाच्या टेबलावर ठरलं आणि कुणीच कुणाशी भांडलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खरं तर आलीही असेल. पण मनात शंका येणं आणि ती तोंडाने बोलणं, यांच्यामध्ये माझं अर्धं आयुष्य गेलेलं आहे.

बागेची मागची भिंत आणि वस्तीची पुढची भिंत एकच. वस्तीतल्या माणसांनी सिंहाची डरकाळी रोज ऐकलेली, हत्तीच्या लिदीचा वास रोज घेतलेला, पण आत पाऊल टाकलेलं असं क्वचितच कुणी. मोठं फाटक पार दुसऱ्या टोकाला. तिथे जायला बस बदलावी लागते, आणि गेल्यावर तिकिटाची खिडकी लागते.

आम्ही भिंतीच्या आतले. आमचे वडील इथे रखवालदार, मग थोरला भाऊ, म्हणजे दादा, सिंहांचा मुख्य रखवालदार, आता निवृत्त. त्याची मुलगी इथलीच पशुवैद्य. घरात तिला सगळे, तिची आईसुद्धा, 'डॉक्टर' म्हणतात. लाड असला तर हळू आवाजात, राग असला तर शब्द ताणून. जुने साहेब निवृत्त झाल्यापासून अधीक्षकाची खुर्चीही तिच्याकडे आली होती, पण तात्पुरती. त्या खुर्चीत बसून तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर बागेच्या समितीच्या अध्यक्षांसमोर जाऊन वस्तीसाठी बाग विनातिकीट मोकळी करा म्हणून हट्ट धरला. अध्यक्षांनी एक दिवस दिला.

"एकदा करून दाखवा," ते म्हणाले. "नीट झालं तर नेहमीसाठी करू. गोंधळ झाला तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही."

आणि माझं म्हणाल, तर निवृत्त होईपर्यंत मी पाट्या लिहिल्या. पिंजऱ्यासमोर त्या प्राण्याची माहिती देणारी पाटी असते ना, त्या सगळ्या माझ्या. एकेका पाटीसाठी मी महिनाभर पुस्तकं वाचत असे. बुटाची नाडी बांधायला ज्यांना टेकू हवा असे, ते माझ्या पाटीपाशी थांबत. घरात मी 'पाटीकाका'.

तर त्या दिवशी टेबलावर दादा म्हणाला, "बंदच्या दिवशीच बोलवू. गर्दी नाही, कलकलाट नाही. घरच्या पाहुण्यासारखं निवांत बघता येईल."

"आणि मागच्या दाराने आणू," डॉक्टर म्हणाली. "पिंजऱ्यासमोर काय, कुणीही उभं राहतं. यांना आपण आतलं दाखवू. प्राण्यांचं स्वयंपाकघर, दवाखाना, मागच्या खोल्या. आजोबा मला दाखवायचे तसं."

"वा!" मी म्हणालो. मी बहुतेक वेळा एवढंच म्हणतो.

"मग बस?" जावईबापूंनी विचारलं. हे आमच्या डॉक्टरचे यजमान, बसच्या डेपोत वेळापत्रकं करतात. आमच्या घरात तेवढे एकच प्राण्यांना घाबरतात, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. "मी बस सांगून ठेवलीय. चढायला उतार असलेली. म्हाताऱ्या माणसांना बरी पडेल."

"भिंतीला दार असताना बस कशाला?" डॉक्टर म्हणाली.

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा: "पण बंदच्या दिवशी प्राणी असतात का?"

दादाचा घास घशात अडकला. "नाही हो जावईबापू, सुट्टी टाकून गावी जातात!"

आम्ही सगळे हसलो. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी जावयाच्या पानात आणखी वाढलं, आणि आमच्या घरात हा निषेधाचा सर्वांत तीव्र प्रकार आहे.

आम्ही का हसलो, ते सांगायला हवं. तीन पिढ्या आम्ही बाग पाहिली ती बंदच्या दिवशी आणि मागच्या बाजूने. सुट्टीच्या दिवशी आम्हाला ड्यूटी. बंदच्या दिवशी वडील आम्हाला मागच्या बोळातून न्यायचे. तिथल्या खोल्यांमध्ये सगळे प्राणी गजांपाशी, अगदी श्वास लागेल इतके जवळ. आमच्या लेखी प्राणी बंदच्या दिवशीच असत. पुढून बाग कशी दिसते, हे आमच्यातल्या कुणी पाहुणा होऊन कधी पाहिलंच नव्हतं. मागचं दार म्हणजे मान, असं आम्ही धरून चाललो होतो.

*

त्या सकाळी मागच्या दारापाशी जावईबापू उभे होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं; थोडी भर माझी असेल.

त्यांना पहिल्यांदा दिसले ते बूट. घासून चकचकीत केलेले. मग इस्त्रीच्या घड्या, पाण्याने चापून बसवलेले केस, कुणाच्या गळ्यात तर टायसुद्धा. वस्ती ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि मागचं दार उघडत होतं ते लिदीच्या उकिरड्यावर. एक बाप मुलीला कडेवर उचलून तिचे मोजे वाचवत होता.

पुढारीपण शिवणवालीकडे होतं. वस्तीतले निम्मे कपडे तिच्या मशीनखालून जातात, त्यामुळे तिच्यापुढे कुणी जास्त बोलत नाही. तिच्या दंडाला धरून तिची सासू उभी होती, हातात काठी.

"बस कुठे लावलीय?" सासूने जावईबापूंना विचारलं.

"बस... बस नाहीये आजी. इथूनच आत."

"इथून?" म्हातारीने मागे वळून स्वतःच्या घराकडे पाहिलं. ते तिथून दिसत होतं. "मग मी पावडर कशाला लावली?"

जावईबापू म्हणतात, त्याच क्षणी त्यांना कळलं. पण आमच्या घरात त्यांना एखादी गोष्ट कळली, तर ती सांगायची कुणाला, हा प्रश्न उरतोच.

"सिंह बघायचाय मला," म्हातारी म्हणाली. "रोज पहाटे ओरडून उठवतो मेला. एकदा तोंडावर दोन शब्द सुनावायचेत."

*

दादाने स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी श्रोते दिले नव्हते. त्याने भले मोठे सुरे दाखवले, गाजरांचे ढीग दाखवले, अस्वलासाठीचं पातेलं दाखवलं.

"बघा! एवढं मोठं पातेलं पाहिलंय कधी?"

"रोज घासते," मागून एक बाई म्हणाली. "आमच्या कँटीनला याच्याहून मोठं आहे."

लोक हसले. दादाही हसला, पण सुरा खाली ठेवून.

मग दवाखाना. डॉक्टरने वजनकाटा दाखवला, टेबल दाखवलं, माकडाच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे दाखवला. लोक शहाण्यासारखे मान हलवत होते, दुसऱ्याच्या घरी नको ते फोटो दाखवले की हलवतो तसे. मागच्या खोल्यांचा बोळ आला तेव्हा दादा अडखळला. बोळ एका माणसापुरता, दोन्ही हातांना गज. आम्ही लहानपणी त्यातून वडिलांचं बोट धरून जात असू. एवढ्या माणसांना, तेही मुलाबाळांसकट, सिंहाच्या पंजाच्या टप्प्यातून न्यायचं म्हणजे काय, हे त्याला दारात उभं राहिल्यावर सुचलं. मुख्य रखवालदार म्हणून त्यानेच आयुष्यभर या दारातून परक्या माणसाला हाकललं होतं.

"इथून... इथून आत सिंह आहे," तो म्हणाला आणि बंद दाराकडे बोट दाखवलं.

दाराने काही प्रतिसाद दिला नाही.

शिवणवाली पुढे झाली. तिने आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात विचारलं, "हे सगळं छान आहे हो मॅडम. पण आत कधी जायचं?"

"हेच आत," डॉक्टर म्हणाली.

"हे मागे आहे," शिवणवाली म्हणाली. "मागे आम्ही राहतोच."

डॉक्टर माझ्याकडे वळली. लहान असताना पडली की ती आधी माझ्याकडे बघायची; मी काही करणार नाही, हे माहीत असूनही. "काका, तुम्ही यांना पुढे घेऊन जा ना. मी आलेच."

*

पुढे आम्हाला काय दिसलं, ते सांगायला मला फारसे शब्द लागणार नाहीत. बंदच्या दिवशी प्राणी मागे कोंडून पिंजरे धुतात. माकडांच्या पिंजऱ्यात एक माणूस पाइपाने पाणी मारत होता. पाणघोड्याचं तळं उपसून कोरडं केलेलं. जिराफाच्या कुंपणात एक शिडी उभी होती, आणि एका मुलीने तिच्याकडे पाहून बराच वेळ आशा सोडली नाही. सिंहाच्या आवारात नुसता खडक. बंदच्या दिवशी त्याचा उपासही असतो, म्हणजे मांस नाही. म्हणून मागे तो रुसून बसलेला.

जावईबापूंच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

सगळं आवार रिकामं आणि जिकडे तिकडे माझ्या पाट्या. आयुष्यभर मनात एक चोरटी इच्छा होती, की कुणीतरी प्राण्याकडे न बघता माझी पाटी वाचावी. ती अशी पूर्ण झाली. लोकांनी एकेक पाटी अथपासून इतिपर्यंत वाचली, दुसरं काही नव्हतंच. मी प्रत्येक रिकाम्या पिंजऱ्यापुढे उभा राहून माहिती सांगत होतो. "हा प्राणी अत्यंत लाजाळू असून..." असं मी म्हणालो, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "दिसतंच आहे."

"हे तुम्ही लिहिलंय?" शिवणवालीने विचारलं.

"हो."

"अक्षर चांगलंय," ती म्हणाली. दया आली की माणसं अक्षराबद्दल बोलतात.

तिची सासू सिंहाच्या आवारासमोरच्या बाकावर बसली होती. काठी गुडघ्यांमध्ये, नजर खडकावर. तोंडावरची पावडर घामाने ओघळली होती. "नाही येत?" तिने विचारलं.

"आज नाही, आजी."

"मी आलेय हे सांगितलंत का त्याला?"

*

डॉक्टर आणि दादा पुढे येऊन पोहोचले, आणि अशा वेळी अध्यक्ष आले. उंच, प्रसन्न मनुष्य. त्यांनी रिकामे पिंजरे पाहिले नाहीत. रांगेत उभी असलेली, पाट्या वाचणारी, गप्प माणसं पाहिली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"डॉक्टर, मान गये!" ते म्हणाले. "काय शिस्त! काय स्वच्छता! मला वाटलं होतं गोंधळ होईल. नेहमीच्या पाहुण्यांना अडचण नाही, पुढच्या फाटकावर गर्दी नाही. मंजूर! दर महिन्याला, बंदच्या दिवशी, मागच्या दाराने. आणि ती तुमची तात्पुरती खुर्ची, तिचंही पुढच्या बैठकीत बघून टाकू."

दादाने सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला. "हो म्हण," तो लेकीच्या कानाशी पुटपुटला. "आधी पदरात पाडून घे. नंतर दुरुस्ती करता येईल."

"बाबा, नंतर कुणी दुरुस्ती करत नाही," डॉक्टर पुटपुटली. "त्या तळ्याची गळती तुमच्या वडिलांच्या वेळेपासून आहे."

"काका, तुम्ही बोला ना काहीतरी," जावईबापू मला म्हणाले.

मी घसा साफ केला. घसा छान साफ झाला.

बोलल्या त्या वहिनी. थर्मासमधून सगळ्यांना चहा देत त्या इतका वेळ मागे होत्या. वहिनी मोठ्या फाटकावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसून निवृत्त झाल्या. त्यांना बागेतल्या एकाही प्राण्याचं कौतुक नाही; माणसांशीच त्यांचा संबंध. त्या खिडकीची एक जुनी रीत होती, अजून आहे. बागेत काम करणाऱ्याच्या नातेवाइकांनी खिडकीशी येऊन "घरचे" म्हणायचं, कुणाचे, ते सांगायचं, तिकीट नाही. अध्यक्षांच्या व्याह्यांकडची सगळी मंडळी एकदा अशीच "घरचे" म्हणून आत गेली होती आणि वहिनींनी मान वर न करता त्यांना सोडलं होतं.

"साहेब, मी खिडकीत बसायची ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा खिडकीशी माणसं यायची. पोरं बरोबर. वर लावलेले दर वाचायची. मग पोरांना सांगायची, 'अरेरे, आज बाग बंद आहे.' आणि वळून जायची. बाग उघडी असायची. मला वाटायचं, ओरडून सांगावं, अहो उघडी आहे, या! पण मग तिकीट कोण देणार?" त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "ती माणसं खोटं बोलायची. आज आम्ही त्यांचं खोटं खरं केलं. बोलावून आणून, चांगले कपडे घालायला लावून."

पाइपाचं पाणी तेवढं वाजत होतं.

"अहो, पण फुकट बघायला मिळतंय," अध्यक्ष म्हणाले.

"काय?" शिवणवालीच्या सासूने बाकावरून विचारलं. "काय बघायला मिळतंय?"

डॉक्टरने खाली पाहिलं. मला वाटतं, ती खुर्चीचा विचार करत असावी. मी असतो तर केला असता. मग ती म्हणाली, "साहेब, असं असेल तर नको. सुट्टीच्या दिवशी, पुढच्या फाटकाने, प्राणी समोर असताना देणार असाल, तरच."

"सुट्टीच्या दिवशी?" अध्यक्षांचा आवाज बदलला. "मग हा विषय इथेच संपला. आणि खुर्चीचंही मी काही बोललो नव्हतो, असं धरा."

ते गेले. दादा मटकन बाकावर बसला, म्हातारीशेजारी.

"झालं," तो म्हणाला. "खुर्ची गेली आणि बागही गेली. दोन्ही एकाच चहात."

"चहा चांगला होता," म्हातारी म्हणाली.

लोक जायला लागले. मागच्या दाराकडे, लिदीवरून, मोजे वाचवत. कुणी तक्रार केली नाही. उलट काही जणांनी आमचे आभार मानले, आणि ते फार झोंबलं.

वहिनी मात्र माझ्याकडे बघत होत्या. वहिनी माझ्याकडे असं बघू लागल्या, की मी काय चुकलो याची मनातल्या मनात उजळणी सुरू करतो.

"भाऊजी, 'घरचे' म्हणून तुम्ही आजवर किती जणांना आत आणलंत?"

"मी? कुणालाच नाही. माझं कोण आहे आणायला?" मी लग्न केलेलं नाही. म्हणजे, एकदा विचारायचं ठरवलं होतं. तेवढ्यात तिला दोन मुलं झाली.

"आणि निवृत्तांनाही ती सवलत आहे ना?"

"आहे," डॉक्टर सावकाश म्हणाली. "पण आई, घरचे म्हणजे..."

"म्हणजे कोण, किती, नात्याने काय लागतात, हे कुठेही लिहिलेलं नाही. खिडकीत मी बसत होते, मला माहीत आहे. साहेबांचे व्याही चालतात, तर भाऊजींची माणसं का नाही? ह्यांची आणि तुझी तर मोजून सगळे ओळखतात. भाऊजींचं कोण कोण आहे, हे कुणाला माहितीय?"

सगळे माझ्याकडे वळले. दादा, डॉक्टर, जावईबापू. शिवणवाली सासूला न्यायला बाकाशी थबकली होती, तीसुद्धा.

"पण वहिनी," मी म्हणालो, "कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही."

"खोटं कुठे आहे? एका भिंतीला राहता. मी सख्ख्या बहिणीलाही इतकी जवळ राहू दिलेली नाही."

"आणि बस," जावईबापू म्हणाले. त्यांचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. "या वेळी बस येणार. वस्तीच्या तोंडाशी येणार आणि मोठ्या फाटकासमोर लागणार. उताराची. कुणी मला भिंतीला दार आहे म्हणून सांगू नका."

"नाही सांगत," डॉक्टर म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट पाहिलं.

*

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी फाटकापाशी खिडकीच्या बाजूला उभा होतो. फुगेवाले, रडणारी मुलं, ढकलाढकली. इतकी वर्षं बागेत राहून मला या फाटकाची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. अध्यक्षांना हे कळलं तर काय होईल, याच्या मी सात-आठ तऱ्हा कल्पून ठेवल्या होत्या. सगळ्यांमध्ये शेवटी माझ्या पाट्या उतरवत होते.

बस आली. उतार खाली आला आणि त्यावरून पहिली उतरली शिवणवालीची सासू. पावडर लावून.

रांग खिडकीशी पोहोचली. खिडकीत वहिनींच्या जागेवर आलेल्या बाई होत्या. शिवणवाली पुढे झाली.

"घरचे," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"पाटीकाकांचे."

बाईंनी मान बाहेर काढून तिच्यामागची रांग पाहिली. ती बसपर्यंत गेली होती. मग माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. मला कुणी एक शब्द विचारला असता, तर मी सगळं कबूल करून टाकलं असतं आणि वर माफी मागितली असती.

"काय हो पाटीकाका," बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं तुम्ही एकटेच."

"मलाही," मी म्हणालो.

बाईंनी फाटकवाल्याला खूण केली. एकेक जण खिडकीशी येत होता, "घरचे" म्हणत होता आणि आत जात होता. काहीजण मोठ्याने, काहीजण हसू दाबत. तो मोजेवाल्या मुलीचा बाप खिडकीशी आला तेव्हा त्याने आधी वर लावलेले दर वाचले, जुन्या सवयीने. मग मुलीला खाली ठेवलं आणि म्हणाला, "चल. उघडी आहे."

फाटकाआड वहिनी उभ्या होत्या. त्यांना अचानक चष्मा पुसायची गरज भासली.

सिंह आवारात होता. भर दुपारी, खडकावर, चारही पाय वर करून झोपलेला. म्हातारी कठड्यापाशी पोहोचली आणि तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"हा?" ती म्हणाली. "आम्हाला पहाटे उठवतो आणि स्वतः आत्ता झोपतो?"

मला वाटलं, आता आपली वेळ आली. मी पुढे झालो, पाटीशेजारी उभा राहिलो आणि घसा साफ केला. "आजी, सिंह दिवसाचा बराचसा वेळ विश्रांती घेतो, त्याचं कारण असं की..."

"ए पाटीकाका," म्हातारीने काठीने माझ्या पोटरीला हलकेच ढोसलं. "बाजूला हो बघू. दिसत नाहीये."

मी बाजूला झालो.